दांडिया बाजारातली कुत्र्यांची जोडी : एका मूल्यमापनाची तपासणी

वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात कुत्र्यांची एक जोडी आहे. बसलेली पांढरी कुत्री, कानांवर आणि पाठीवर विटकरी डाग, गळ्यात सोनेरी साखळी आणि साखळीला कुलूप. उंची साधारण फूटभर. घर आता पाडायचं ठरलं आहे, दोन भावांच्या वाटण्या चालू आहेत आणि तांब्यापितळेच्या यादीबरोबर ही जोडीही यादीत आली. तेव्हा कुटुंबाने मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून तिचं मूल्यमापन करून घेतलं. दोन पानांचा छापील कागद आला. तो कागद आणि ती जोडी, दोन्ही आपल्या मंडळाकडे बघायला आली, आणि मी यंत्रांच्या नोकरीत आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे मोजमापाचं काम माझ्याकडे आलं. कुटुंबाच्या इच्छेवरून त्यांचं नाव आणि कागदातला किमतीचा आकडा इथे देत नाही.

एका घरातल्या शोभेच्या वस्तूवर मंडळाच्या पानावर एवढं लिहायचं कारण काय, असं कोणी विचारेल. कारण असं की असे कागद आता आपल्या घराघरांत येऊ लागले आहेत. वडोदरा काय, इंदूर काय, ग्वाल्हेर काय, जुनी घरं पडताहेत आणि व्यापाऱ्याचा कागद हाच त्या वस्तूचा इतिहास म्हणून पुढच्या पिढीकडे जातो आहे. कागद चुकीचा असेल तर चूकही वारसाहक्काने जाते. या कागदात तर चुकीबरोबर एक सल्लाही आहे, आणि तो अमलात आला तर वस्तूचा आपल्यापुरता जो इतिहास आहे तोच धुऊन जाईल. त्याबद्दल पुढे.

कागदाचं म्हणणं

कागदातलं म्हणणं थोडक्यात असं. एक, ही पोर्सिलेनची कुत्री आहेत. दोन, ती 1850 सालची आहेत. तीन, ती एकाच वेळी बनलेली जुळी जोडी आहे. चार, राणी व्हिक्टोरियाच्या ‘डॅश’ नावाच्या लाडक्या कुत्र्याची ती प्रतिमा आहे. पाच, बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या राजवाड्यातून ती या घरी भेट म्हणून आली. सहा, अशी जोडी दुर्मिळ आहे. आणि शेवटी दोन सल्ले : अंगावरचे पिवळे-लाल डाग ब्लीचने काढून घ्या, म्हणजे किंमत वाढेल, आणि विकायची तर लंडनला विका.

पाचवा मुद्दा व्यापाऱ्याच्या पदरचा नाही. तो घरच्यांनीच त्याला सांगितला आणि त्याने तो टाइप करून परत दिला. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण तोंडी सांगितलेली गोष्ट शिक्क्याच्या कागदावर परत आली की आपल्यालाच ती पुरावा वाटू लागते.

पोर्सिलेन नव्हे

पहिला मुद्दा पाच मिनिटांत निकालात निघतो. पोर्सिलेन म्हणजे खूप वरच्या आचेवर भाजलेली, काचेसारखी घट्ट झालेली माती. पातळ जागी तिच्यामागे बॅटरी धरली तर उजेड आरपार येतो आणि झिलई नसलेल्या जागीही पाणी आत मुरत नाही. या कुत्र्यांच्या तळाला, जिथे झिलई घासून गेली आहे तिथे, पाण्याचा थेंब ठेवला की बघता बघता आत शोषला जातो. उजेड कुठूनच दिसत नाही. म्हणजे ही कमी आचेवर भाजलेली, सच्छिद्र, पांढरट माती आहे आणि तिच्यावर पारदर्शक झिलई. आपण घरात दोन्हीला ‘चिनीमाती’च म्हणतो, त्यात काही बिघडत नाही. पण मूल्यमापनाचे पैसे घेणाऱ्याने हा फरक करायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

असली कुत्री मुख्यतः इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात बनली. बर्स्लेम, लाँगटन, हॅन्ली, टन्स्टॉल, फेंटन आणि स्टोक ही तिथली कुंभारकामाची सहा गावं. 1910 साली ती एकत्र करून स्टोक-ऑन-ट्रेंट हे शहर झालं. जवळ कोळसा होता, माती होती, पुढे कालवे आणि रेल्वे आली, म्हणून तिथे कारखान्यांची रांगच लागली. मोठ्या नावाचे कारखाने सरदार-श्रीमंतांसाठी ताटं-वाट्या करत, आणि गल्लीतले छोटे कारखाने गरिबांसाठी शोभेच्या वस्तू. ही स्पॅनियल कुत्री त्या दुसऱ्या प्रकारातली. मजुराच्या, शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या घरी शेकोटीवरच्या फळीच्या दोन टोकांना दोन कुत्री ठेवायची पद्धत होती. म्हणून ती जोडीने बनत, एक डावीकडे बघणारं, एक उजवीकडे. पाठ भिंतीकडे असायची, त्यामुळे पाठीवर रंगाचे कष्ट घेत नसत. आपल्या जोडीची पाठही जवळजवळ कोरीच आहे.

साल आणि टॉलरन्स

कारखान्यात एखाद्या नकाशावर ‘50 मिलिमीटर’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो नकाशा आम्ही परत पाठवत असू. 50 पैकी किती कमीजास्त चालेल, ते सांगा. टॉलरन्स नसलेलं माप हे माप नसतं. इतिहासातल्या सालाचंही तसंच आहे. ‘1850’ असं ठोक साल ज्या वस्तूवर ना कारखान्याचं नाव, ना तारीख, त्या वस्तूला कोणी कसं देऊ शकतो?

व्यापाऱ्याने एक तर्क दिला आहे : तळाला ‘इंग्लंड’ हा शब्द नाही, म्हणून वस्तू 1891 च्या आधीची. हा तर्क बाजारात सर्रास चालतो, पण तो एकाच बाजूने खरा आहे. 1890 च्या अमेरिकन जकात कायद्याने, जो 1891 पासून लागू झाला, अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे ज्या वस्तूवर ‘इंग्लंड’ लिहिलंय ती बहुधा त्यानंतरची, एवढं म्हणता येतं. उलटं म्हणता येत नाही. इंग्लंडातच विकायच्या मालाला त्या कायद्याशी देणंघेणं नव्हतं, आणि असली स्वस्त कुत्री तर पहिल्यापासून शेवटपर्यंत बहुतेक बिननावाचीच निघाली. नाव नसणं हा जुनेपणाचा दाखला नाही.

मग काय बघायचं? कसं बनवलं ते. इथे जोडीतली दोन कुत्री वेगळी करून बघावी लागतात. सोयीसाठी त्यांना डावं आणि उजवं म्हणतो.

डावं कुत्रं वजनकाट्यावर 1 किलो 860 ग्रॅम भरलं. उजवं 1 किलो 140. उंचीत फरक जेमतेम चार मिलिमीटर. एवढ्याच आकाराची दोन जुळी, आणि वजनात सातशे ग्रॅमचा फरक! कागदात वजनाचा उल्लेखच नाही.

कारण तळाशी दिसतं. डाव्याच्या तळाला तुरीच्या दाण्याएवढं एकच भोक आहे. उजव्याच्या तळाला रुपयाच्या नाण्याएवढं. हा फरक पद्धतीचा आहे. जुन्या पद्धतीत मातीची पोळी लाटून प्लॅस्टरच्या साच्याच्या दोन अर्ध्यांत बोटांनी दाबून बसवत, मग अर्ध्या जोडत. भिंत जाड राहते, सगळीकडे सारखी नसते, आणि भट्टीत आतली हवा आणि वाफ निघून जायला बारीक भोक पुरतं. नंतरच्या पद्धतीत माती पाण्यात साईसारखी पातळ करून बंद साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी पितं, साच्याच्या अंगाला मातीचा थर धरतो, उरलेली पातळ माती परत ओतून टाकतात. ओतायला आणि रिकामं करायला भोक मोठं लागतं, आणि भिंत पातळ, एकसारखी निघते. या कुत्र्यांच्या बाबतीत ओतीव पद्धत प्रामुख्याने विसाव्या शतकातली.

सोन्याची गोष्टही तीच. डाव्याच्या साखळीचं सोनं मऊ, मंद, काहीसं मातकट, आणि उंचवट्यावर घासून गेलेलं. उजव्याचं सोनं चकचकीत, पितळी, जवळजवळ आरशासारखं. जुन्या सोनेरी मुलाम्याला भाजल्यावर घासून चमक आणावी लागे. पुढे द्रवरूप सोनं आलं, ते भट्टीतूनच चमकत बाहेर येतं आणि स्वस्त पडतं. ही कुत्री बनवणाऱ्यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांपासून वापरलं.

या सगळ्यावरून माझं वाचन असं : डावं कुत्रं साधारण 1850 ते 1890 या चाळीस वर्षांतलं. उजवं विसाव्या शतकातलं. म्हणजे व्यापाऱ्याचं 1850 हे साल एका कुत्र्याच्या बाबतीत शक्यतेच्या अगदी कडेवर आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत सरळ चुकीचं.

जोडी की जुळवलेली जोडी

उजवं कुत्रं नंतरचं, म्हणून ते लगेच नकली ठरत नाही. एखाद्या तयार कुत्र्यावरून कोणी साचा काढला असता तर नवी माती वाळताना आणि भाजताना आक्रसली असती आणि नक्कल मूळापेक्षा ढोबळमानाने दहाव्या हिश्शाने लहान निघाली असती. फूटभराच्या कुत्र्यात हा फरक इंचाहून जास्त येतो. इथे चार मिलिमीटर आहे. तेव्हा हे कुत्रं स्टॅफर्डशायरमध्येच, जुन्या साच्यांच्या घराण्यातल्या साच्यातून निघालेलं असावं. तिथे जुने नमुने फार काळ चालू राहिले. बर्स्लेमच्या विल्यम केंट कारखान्याने तर अशा जुन्या मूर्ती 1962 पर्यंत बनवल्या. उजवं केंटचंच आहे असं मी म्हणत नाही, पण असा माल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघडपणे, नवा माल म्हणून विकत मिळत होता.

घरातला पुरावाही त्याच दिशेने जातो. कुटुंबाकडे चैत्रगौरीच्या आरासीचा एक फोटो आहे, मागे शाईने 1948 लिहिलेलं. गौरीच्या डाव्या हाताला हे डावं कुत्रं स्पष्ट दिसतं. उजव्या बाजूला, त्याच्या बरोबर समोर, समई आहे. फोटोची चौकट दोन्ही बाजूंनी पुरेशी रुंद आहे, त्यामुळे दुसरं कुत्रं चौकटीबाहेर राहिलं असं म्हणायला जागा नाही. घरातल्या मोठ्या काकू, वय ऐंशीच्या पुढे, सांगतात की त्या लग्न होऊन 1962 साली या घरात आल्या तेव्हा दोन कुत्री होती, आणि चुलत सासरे त्याआधी शिकायला विलायतेला जाऊन आले होते. मूळचं उजवं मांजरीने पाडलं, असं त्यांनी सासूबाईंकडून ऐकलेलं.

तीन गोष्टी एका रेषेत येतात : घडणीतला फरक, फोटोतली समई, काकूंची आठवण. तेव्हा ‘एकाच वेळी बनलेली जुळी’ हा दावा टिकत नाही. बाजाराच्या भाषेत ही जुळवलेली जोडी आणि तिचा भाव कमी. माझ्या मते मात्र इथेच ही जोडी बोलायला लागते. कोणीतरी समुद्रापलीकडून, एका फुटक्या कुत्र्याच्या जागी, त्याच मापाचं, त्याच बाजूला बघणारं कुत्रं शोधून आणलं. घरात कोणाला तरी त्या रिकाम्या जागेची चुटपुट लागलेली होती.

राणीचं कुत्रं, राजाची भेट

डॅश हा स्पॅनियल व्हिक्टोरिया राणी होण्याच्या आधीपासून तिच्याकडे होता आणि 1840 साली वारला. त्याच्यामुळे या जातीची आवड वाढली, हे म्हणणं ठीक. पण स्टॅफर्डशायरची कुत्री म्हणजे एका विशिष्ट कुत्र्याचं चित्र नव्हे. तो एक ठरलेला साचा होता, पाच-सहा आकारांत, हजारोंनी काढलेला. आपल्याकडच्या मातीच्या बैलांना कोणी ‘शिवाजी महाराजांच्या गोठ्यातला बैल’ म्हणावं, तसं हे झालं.

आता खंडेराव महाराज. त्यांची कारकीर्द 1856 ते 1870. डाव्या कुत्र्याचा काळ तिच्याशी जुळतो, म्हणून घरच्यांना हुरूप येणं साहजिक आहे. पण काळ जुळणं म्हणजे भेट दिली गेली असं नाही. ज्या राजाने मोत्यांचा गालिचा करवून घेतला, त्याच्या वाड्यात विलायती मजुराच्या शेकोटीवरची कुत्री मानाची वस्तू म्हणून असावीत आणि ती त्याने मानाची भेट म्हणून द्यावीत, हे जुळत नाही. राजवाड्यात आलेली युरोपीय चिनीमाती वेगळ्या दर्जाची असे. शिवाय बडोदा संस्थानात खानगी खात्याच्या नोंदी ठेवण्याची शिस्त होती. महाराजांकडून वस्तू मिळाली असं म्हणायचं तर एखादी नोंद, एखादं पत्र, एखादी यादी हवी. घरात तसा एकही कागद नाही.

साधी शक्यता वेगळी आहे. वडोद्यात इंग्रजांची छावणी होती, फतेहगंजच्या बाजूला. बदली झालेला साहेब घरचं सामान लिलावात काढून जाई, ही तेव्हाच्या सगळ्या छावण्यांतली रीत. 1860 च्या दशकात रेल्वेने वडोदरा मुंबईशी जोडलं गेलं आणि विलायती माल दुकानांतूनही मिळू लागला. एखाद्या कारकुनाने, मास्तराने वा ओव्हरसियरने पगारातून लिलावात जोडी उचलली असेल. हेही अनुमानच आहे. पण या अनुमानाला राजा लागत नाही, म्हणून ते मला जास्त बरं वाटतं.

आपल्या संस्थानी गावांत हा एक जुना रोग आहे. घरातली कुठलीही जुनी वस्तू ‘महाराजांनी दिली’ असते. इंदूरला होळकरांनी, ग्वाल्हेरला शिंद्यांनी, इथे गायकवाडांनी. सगळ्या तलवारी, सगळी घड्याळं, सगळे गालिचे दरबारातून आले म्हटलं की आपल्या खापरपणज्याने स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या आवडीने काही विकत घेतलं होतं, ही गोष्टच पुसली जाते.

चेहरा

वस्तू म्हणून ही कुत्री कशी आहेत, हेही बघायला हवं. मूल्यमापनाच्या कागदात त्याबद्दल ‘सुबक’ हा एकच शब्द आहे.

शरीर म्हणून दोन्ही बेताचीच. पुढचे पाय खांबासारखे, शेपूट मागून पुढे चिकटवल्यासारखी, केस म्हणजे नुसत्या रेघा. सगळं मोल चेहऱ्यात आहे. शरीर बाजूला वळलेलं आणि तोंड सरळ आपल्याकडे. डोळे माणसाचे, भुवया माणसाच्या. डाव्या कुत्र्याच्या भुवया चार-चार फटकाऱ्यांत मारल्या आहेत, एक जरा वर गेली आहे, नाकाचा ठिपका मध्यापासून किंचित सरकलाय. त्यामुळे ते चकित दिसतं, हिशेबात चूक पकडली गेलेल्या गुमास्त्यासारखं. उजव्याच्या भुवया काळजीपूर्वक, मोजून, दोन्हीकडे सारख्या काढल्या आहेत, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. नकलाकाराने फटकारे मोजले, फटकारा मारला नाही.

डाव्याच्या हाताला जे वळण आहे ते संख्येतून आलंय. नगावर मजुरी, दिवसाला कित्येक नग, त्यामुळे हात विचार न करता चालायचा. आणि ते हात कोणाचे असत? स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येने कामाला होती. सॅम्युएल स्क्रिव्हन यांनी 1841 साली तिथे फिरून सरकारसाठी मुलांच्या जबान्या नोंदवल्या. कुंभारकामाला कारखाना कायदा लागू झाला तो 1864 साली. झिलईत शिसं असे आणि झिलईच्या खात्यातले कामगार त्याने आजारी पडत. आपलं कुत्रं मुलानेच रंगवलं असं मी म्हणणार नाही. पण या चेहऱ्याला ‘निरागस’ म्हणताना तो कुठल्या व्यवस्थेतून आला, याची आठवण ठेवलेली बरी.

डाग

आता त्या सल्ल्याकडे येतो.

डाव्या कुत्र्याच्या झिलईला बारीक जाळी पडली आहे. याचं कारण साधं आहे. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतला ओलावा घेत राहते आणि अगदी किंचित फुगते. वरची काचेसारखी झिलई फुगत नाही. झिलईवर ताण येतो आणि ती चिरते. शंभराहून जास्त पावसाळे पाहिलेल्या वस्तूला हे व्हायचंच. नकली जुन्या मालात ही जाळी सगळीकडे सारखी आणि चहात बुडवल्यासारखी एकाच तपकिरी रंगाची असते. इथे ती कानाजवळ दाट, पाठीवर विरळ, आणि कपाळावर व पुढच्या पंजांजवळ तिच्यात पिवळा आणि लाल रंग उतरला आहे.

पिवळ्यावर अतिनील बॅटरी धरली तर तो हिरवट-पिवळा उजळतो. हळद तशीच उजळते. आणि लाल कुठून आलं ते काकूंनी न विचारता सांगितलं. चैत्रात तीजेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यात बसायची. तिच्यापुढे पायऱ्यांची आरास, त्यात बाहुल्या, लाकडी फळं, काचेची हंडी आणि ही कुत्री दोन्ही बाजूंना. हळदीकुंकवाला येणारी प्रत्येक बाई गौरीला हळदकुंकू वाहायची, आणि गौरीपुढे आलं म्हणून कुत्र्यांच्या कपाळालाही बोट टेकवायची. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रं, मग गौरीपुढे का नको, असं काकूंच्या सासूबाई म्हणत. मग आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. महिना संपला की कुत्री जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत, पुढच्या चैत्रापर्यंत. हळदीचा रंग उजेडात उडून जातो. तो टिकला याचं कारण ती अंधारी पेटी.

डाव्या कुत्र्यावर हा रंग खोल आहे, उजव्यावर हलका, वरवरचा. उजवं घरात नंतर आलं, त्याची जाळीही विरळ. म्हणजे दोन्हींच्या वयातला फरक हळदीनेही नोंदवून ठेवलाय.

या जोडीतली माती इंग्लंडची, साचा इंग्लंडचा, फटकारा इंग्लंडचा. वडोद्याचं त्यात काय आहे? फक्त हा डाग. शंभरेक चैत्रांत या घराच्या माजघरात आलेल्या बायकांची बोटं त्या कपाळावर लागली आहेत. त्या बायकांची नावं कुठल्या खानगीच्या वहीत नाहीत. घरच्या आठवणीने जोडीचं श्रेय महाराजांना दिलं. वस्तूने ते आपल्या अंगावर दुसऱ्याच कोणाच्या नावे लिहून ठेवलं आहे. आणि कागद म्हणतो, ते पुसा.

ब्लीचचा धोका नुसता भावनेचा नाही. द्रव जाळीतून आत मुरतो, सच्छिद्र मातीत क्षार राहतात. पावसाळ्यात ते क्षार पाणी घेतात, उन्हाळ्यात सुकून त्यांचे खडे होतात, आणि ते खडे झिलईचे पापुद्रे उचलतात. झिलईवरचा रंग आणि सोनंही जाऊ शकतं. म्हणजे किंमत वाढवायला गेलेला माणूस चार-पाच वर्षांत कपाळ सोललेलं कुत्रं घेऊन बसेल.

दुसरा सल्ला तर कागदाच्याच विरुद्ध जातो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. वस्तू त्यात मोडत नाही, असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. एकाच कागदात वर ‘1850’ आणि खाली ‘लंडनला विका’ लिहिणाऱ्याने हा कायदा वाचलेला नाही, किंवा गिऱ्हाइकाने वाचला नसेल असं धरलं आहे. राहिला ‘दुर्मिळ’ हा शब्द. हजारोंनी बनलेली ही कुत्री इंग्लंडच्या जुन्या बाजारात आजही सहज मिळतात. हळदकुंकू लागलेली जोडी मात्र तिथे मिळणार नाही.

शिफारस

कुटुंबाला मंडळाने लेखी जे कळवलं ते असं. जोडीतलं एक कुत्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, दुसरं विसाव्या शतकातलं, दोन्ही स्टॅफर्डशायर पद्धतीची. राजवाड्याच्या भेटीला पुरावा नाही, तो उल्लेख कागदातून काढावा. डागांना हात लावू नये. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकावी, पाणीही नको. 1948 चा फोटो आणि काकूंचं सांगणं जोडीबरोबरच ठेवावं. दोन भावांनी एकेक कुत्रं वाटून घेतलं तर एकाला ‘जुनं’ आणि दुसऱ्याला ‘नवं’ मिळेल आणि भांडणाला आणखी एक कारण होईल. त्यापेक्षा जोडी एकत्र ठेवून दर चैत्रात आलटून पालटून एकेका घरी न्यावी. निर्णय अर्थातच त्यांचा. काकूंनी तो अजून सांगितलेला नाही, पण ब्लीचची बाटली आणायची नाही, एवढं त्यांनी मुलांना बजावलं आहे.

वाचकांना एवढंच सांगणं. आपल्या घरात अशी कुत्री, हरणं, हत्ती, पोपट असतील तर विकण्याआधी, वाटण्याआधी, पाच मिनिटं काढा. वजन करा. उलटं करून तळ बघा, भोक मोजा. चारी बाजूंनी आणि तळाचा फोटो घ्या. आरासीच्या, लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या फोटोंत ती वस्तू कुठे दिसते का ते शोधा. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा की ही कोणी दिली, यापेक्षा हिचं तुम्ही काय करत होता. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मग मंडळाला पाठवा. फक्त वस्तू पुसून पाठवू नका.